पायाखालची मुंबई : मराठी साहित्यातील चालणारा माणूस

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकर यांनी लिहिली. ही प्रस्तावना मराठीत पुष्कळ चर्चिली गेली. पण तिच्यातील एका साध्या गोष्टीकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेले नाही. प्रस्तावना लिहिण्यापूर्वी तेंडुलकर कवीबरोबर त्या वस्तीतून रात्रीचे फिरले. या कवितांतील कित्येक शब्द त्यांना अपरिचित होते, त्यांचे अर्थ कवीकडूनच समजून घ्यावे लागले. आणि नुसते अर्थ समजून भागत नाही, ते शब्द जिथे बोलले जातात तिथे गेले पाहिजे, असे त्यांना वाटले. तेंडुलकर मुंबईचे जाणते लेखक होते, पत्रकार होते. तरीही त्यांच्या मुंबईपासून काही मैलांवर असलेली ही मुंबई वाचण्यासाठी त्यांना कोशापेक्षा पायांचा उपयोग अधिक झाला. मराठी समीक्षेच्या इतिहासात संहितेचे वाचन आणि रस्त्यावरचे चालणे इतके एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

ढसाळ काही काळ टॅक्सी चालवीत असत. म्हणजे शहर त्यांनी चाकांवरूनही पाहिले होते. पण ‘गोलपिठा’तील दृष्टी गाडीच्या काचेतून आलेली नाही. ती रस्त्याच्या पातळीवर, किंबहुना त्याहूनही थोडी खाली, गटाराच्या कडेला आहे. या पातळीवरून पाहणाऱ्याला शहराचे ‘दृश्य’ दिसत नाही; त्याला वास येतात, धक्के लागतात, पायाला ओल लागते. या कवितांची ओळ मध्येच का तुटते, नावांच्या आणि शिव्यांच्या याद्या का लांबत जातात, याचे उत्तर काही अंशी या पातळीत सापडते. दाटीतून वाट काढणाऱ्याला वाक्य पूर्ण करण्याची उसंत नसते.

महानगरीय साहित्याविषयी अलीकडच्या काळात जे लिहिले गेले आहे, त्यात वॉल्टर बेंजामिन याच्या लेखनातून आलेला ‘फ्लानर’ वारंवार भेटतो. बोदलेअरच्या पॅरिसमधील हा सवडीने हिंडणारा गृहस्थ. काचेचे छप्पर असलेल्या दुकानओळींतून तो रमतगमत चालतो, गर्दीत असतो आणि गर्दीचा नसतो, वस्तू व माणसे पाहतो आणि पाहणे हाच त्याचा उद्योग असतो. बेंजामिनने १९३०च्या दशकात या व्यक्तिरेखेचा जो उपयोग केला तो अर्थपूर्ण होता, कारण ती व्यक्तिरेखा त्या शहराच्या अर्थव्यवस्थेतून उगवली होती. मराठीत मात्र रस्त्यावर दिसेल त्या पात्राला आणि फिरताना दिसेल त्या कवीला ही टोपी घालण्याची सवय लागली. सुर्वे फ्लानर, ढसाळ फ्लानर, कोलटकर तर विशेषच. टोपी सर्वांना बसते असे दिसल्यावर ती कुणाच्याच मापाची नसावी, अशी शंका यायला हवी होती.

मुंबईत छपराखालून चालण्याची सोय नव्हती असे नाही. पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, इमारतींच्या तळाशी कमानींची सलग ओवरी असावी असा नियम १८९६ साली झाला, आणि ती ओवरी आजही उभी आहे. पण तिथे सवडीने हिंडणारा माणूस मराठी साहित्यात फारसा आढळत नाही. मुंबईच्या मराठी लेखनात अशा आडोशांखाली माणसे पाऊस थांबण्याची वाट पाहतात, माल मांडतात, रात्री अंग टाकतात. वास्तू पॅरिसच्या नात्यातली, व्यवहार मुंबईचा. हा भेद केवळ दारिद्र्याचा नाही. चालणे या क्रियेला मराठी संस्कृतीत जो अर्थ आहे, तोच मुळात वेगळ्या वाटेने आलेला आहे.

मराठीत पायी चालणारा आदिपुरुष म्हणजे वारकरी. त्याचे चालणे सामूहिक असते, त्याला मुक्काम ठरलेले असतात, ओझे असते आणि पोहोचण्याचे ठिकाण असते. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात या चालण्याचे जे वर्णन केले त्याला मराठी गद्यात तोड नाही. पण त्या लेखाचे मोल भक्तिरसात नाही. एकाच दिंडीत चालणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला वेगळी बसतात, ही गोष्ट कर्वे पाहतात, ती त्यांना बोचते आणि त्या ती लिहून ठेवतात. वाट एक असली तरी मुक्काम एक नसतो. चोखामेळा पंढरपूरपर्यंत पोहोचला, देवळाच्या दारापाशी थांबला. याच इतिहासाची दुसरी बाजू म्हणजे रस्ता. केरळात १९२४–२५ साली वैकम येथे जो सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. ज्या देशात रस्त्यावर पाऊल टाकण्याचा हक्क मागावा लागला, त्या देशातील लेखकाच्या ‘भटकण्या’ला निव्वळ सौंदर्यदृष्टीची बाब समजणे ही समीक्षेची चैन आहे.

मुंबईच्या मराठी साहित्याचा एक मोठा प्रवाह शहरात आला तोच मुळी पायी. अण्णा भाऊ साठे यांच्या वडिलांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी वाटेगावहून कुटुंबासह मुंबईची वाट धरली, आणि मिळेल ते काम करीत ही मंडळी चालत मुंबईला पोहोचली. पुढे अण्णा भाऊंनी ‘मुंबईची लावणी’ रचली. तिच्यातील शहराची उभी रचना, टेकडीवरचा मलबार हिल आणि सखल परळ, ही नकाशावरून सुचलेली कल्पना नाही. चढ कुठे लागतो हे तळपायाला कळलेल्या माणसाचे ते भूगोलज्ञान आहे. पठ्ठे बापूराव यांनीही मुंबईवर लावणी रचली होती. दोन्ही लावण्या शेजारी ठेवून वाचाव्यात. नवलाईने शहर न्याहाळणारा पाहुणा आणि तिथे राबायला आलेला रहिवासी यांच्या पावलांतील फरक त्यातून ऐकू येतो.

बा. सी. मर्ढेकर यांनी शहरातील माणूस पाहिला तो घोळक्याने. संतकाव्याच्या वळणावर विजेची गाडी गाठण्याचा दिनक्रम बसवून त्यांनी यंत्रयुगाचे जे विडंबन साधले ते मराठी कवितेला कलाटणी देणारे ठरले, यात शंका नाही. ‘काही कविता’ (१९४७) हा संग्रह आजही शिळा वाटत नाही. परंतु मर्ढेकरांची माणसे मुंग्या होतात, ती थोडे अंतर ठेवून पाहिल्यामुळे. मुंग्यांच्या रांगेत कोणाचा पाय दुखतो ते दिसत नाही. हा दोष म्हणून सांगायचा नाही, पाहण्याच्या जागेचा परिणाम म्हणून सांगायचा आहे. नारायण सुर्वे यांच्याकडे आल्यावर ही जागा बदलते.

‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाच्या शीर्षककवितेचा आरंभ महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. निवेदकाला घर नाही, नातेवाईक नाहीत. जेवढी भुई पावलांना तुडवता येईल तेवढीच त्याची मालमत्ता, आसरा दुकानांच्या वळचणीचा, आणि नगरपालिकेचा फुटपाथ फुकट. या आरंभाचे वाचन बहुधा करुणेच्या अंगाने होते. त्यातील मालकीची कल्पना मात्र निसटते. जमीन विकत घेऊन नव्हे, कसून नव्हे, चालून आपली होते. शेतकरी समाजातून आलेल्या भाषेत जमिनीविषयी असे काही म्हटले जाणे ही मोठी घटना आहे. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराला रस्त्यावर सापडलेल्या मुलाने ती घडवावी, हा चरित्राचा भाग झाला; कवितेचा भाग असा की, इथे चालणे हीच नागरिकत्वाची नोंद होते.

सुर्व्यांच्या शहराचे माप कळण्यासाठी गिरणगावाचा पसारा लक्षात घेतला पाहिजे. बहुसंख्य गिरणीकामगार आपापल्या गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीत राहत, हे राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. भोंगा वाजला की चाळीतून निघायचे आणि दारे बंद होण्याच्या आत पोहोचायचे. या पंधरा मिनिटांच्या वाटेवर खानावळ, व्यायामशाळा, भजनी मंडळ, युनियनची कचेरी, उधारीचे दुकान आणि सभेचे मैदान होते. संप फुटतो की टिकतो हे याच वाटेवर ठरे. सुर्व्यांच्या कवितेत वक्तृत्व आहे, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. ‘जाहीरनामा’मधील काही कविता सभेतच अधिक शोभतात. पण चालत्या माणसाला ऐकू जावे म्हणून बोलणाऱ्याचा आवाज आणि खुर्चीत बसलेल्याशी बोलणाऱ्याचा आवाज एकच असू शकत नाही, हेही आक्षेपकाने ध्यानात घ्यायला हवे.

सुर्व्यांच्या त्या आरंभात आणखी एक गोष्ट आहे. चालण्याची भुई आणि निजण्याचा फुटपाथ तिथे एकाच श्वासात येतात. पुढे या दोन गोष्टींची फारकत झाली. पदपथावर राहणाऱ्यांना हटवण्याच्या १९८१ सालच्या कारवाईविरुद्ध ऑल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९८५ साली मुख्य न्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्या निकालाने मान्य केले, म्हणून तो संस्मरणीय ठरला. मात्र पदपथ हे लोकांच्या जाण्यायेण्यासाठी असतात, खाजगी वापरासाठी नव्हे, असेही न्यायालयाने म्हटले आणि रीतसर सूचनेनंतर हटवण्यास मुभा दिली. चालणारा आणि राहणारा अशा दोन पक्षकारांत फुटपाथ वाटला गेला. साहित्यात ही वाटणी तितकी सोपी नव्हती. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे गोळा करीत शहरभर पायपीट करतात. त्या पादचारी आहेत, की रस्त्याचा ‘खाजगी वापर’ करणाऱ्या आहेत? ‘पादचारी’ हा शब्दच मुळी फलकावरचा. स्वतःला पादचारी म्हणवून घेणारा माणूस मराठी कथेत सापडणे कठीण. तसाच ‘पदपथ’. कवितेत आणि बोलण्यात फुटपाथच आहे.

रस्त्यावर न चालताही रस्त्याचे होऊन राहण्याचा एक प्रकार म्हणजे नाका. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) मधली पोरे उभी असतात. येणाऱ्याजाणाऱ्यांवर, विशेषतः मुलींवर, त्यांची नजर असते आणि त्यांची भाषा त्या नजरेइतकीच उघडी आहे. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर कठोर टीका केली. पुढे पुस्तकाच्या बाजूनेही पुष्कळ लिहिले गेले. दोन्ही बाजूंचा वाद अश्लीलतेभोवती फिरला. त्या पोरांपाशी घरात उभे राहायला जागा नाही, हे पाध्यांनी अक्षरही न बोलता दाखवले होते, ते वादात हरवले. आणि त्या नाक्यावरून जाणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, हे पाध्यांनीही लिहिले नाही.

अरुण कोलटकर यांच्याकडे वळल्यावर फ्लानरवाद्यांना हायसे वाटते. ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हा संग्रह इंग्रजीत आहे, म्हणून मराठीच्या चर्चेत त्याला जागा द्यावी की नाही, असा प्रश्न काही जण करतात. दोन्ही भाषांत सारख्याच अधिकाराने लिहिणाऱ्या या कवीच्या बाबतीत तो प्रश्न ग्रंथपालाने सोडवावा. कविता एका तिठ्याची आहे. सकाळी वाहतूक बेटावर पसरलेले भटके कुत्रे, न्याहारीच्या वेळी इडल्या घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे सगळे भणंग, फुटपाथवर पोराला रगडून आंघोळ घालणारी दांडगी बाई, कचरा, झाडू, जुना टायर. तपशिलांची ही श्रीमंती पाहून कवी हिंडत असेल असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. कोलटकर तिथल्या वेसाइड इन या उपाहारगृहात बसत. वर्षानुवर्षे दर गुरुवारी, मित्रांसह, रस्ता दिसेल अशा जागी. या कवितेत चालतात ती इतर माणसे. कवी बसलेला आहे.

हा फरक किरकोळ वाटेल, पण संग्रहाची सारी रचना त्यावर उभी आहे. हिंडणाऱ्याला एक माणूस एकदाच दिसतो. बेंजामिनने ज्या क्षणिक दृष्टिभेटीविषयी लिहिले ती अशा हिंडण्यातून येते. बसणाऱ्याला तोच माणूस रोज दिसतो. कोणती बाई कोणाची कोण, कोणाचे कोणाशी भांडण आहे, कुत्रे कोणत्या वेळी कोणत्या कोपऱ्यात झोपते, हे त्याला कळते. त्यामुळे कोलटकरांच्या फुटपाथवर अनोळखी असे कोणी नाही. शहराविषयीच्या आधुनिक कवितेत ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे. पॅरिसच्या कवितेचे बळ अनोळखीपणात होते, काळा घोड्याच्या कवितेचे शेजारात आहे. तिचे नाते बोदलेअरपेक्षा गावच्या पारावर बसून वाटेकडे पाहणाऱ्या म्हाताऱ्याशी अधिक जवळचे असावे, असे म्हटले तर कोलटकरांना राग आला नसता.

एक प्रश्न मात्र उरतो. उपाहारगृहाच्या आत बसणे आणि बाहेर फुटपाथवर बसणे यांत काचेचे नसले तरी चहाच्या बिलाचे अंतर आहे. निराला यांच्या ‘तोड़ती पत्थर’ या हिंदी कवितेत अलाहाबादच्या रस्त्यावर दगड फोडणारी बाई एकदा मान वर करून पाहते आणि त्या पाहण्याने पाहणारा कवी विद्ध होतो. कोलटकरांच्या इडलीवालीभोवतीच्या मंडळींपैकी कोणी खिडकीकडे पाहिले, असे क्वचितच जाणवते. त्यांच्या विनोदाने हे अंतर सुसह्य केले आहे. नाहीसे केलेले नाही. ढसाळांकडे हे अंतर नाही, पण कोलटकरांचे धैर्यशील, दीर्घकाळ पाहणेही ढसाळांकडे नाही. मराठीभाषक घरातून आलेल्या आणि हिंदीत लिहिणाऱ्या मुक्तिबोधांच्या ‘अँधेरे में’चा नायक रात्रीच्या शहरातून धावत, लपत चालतो, त्याने मिरवणूक पाहिली आहे आणि पाहिल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ शकते. भारतीय कवितेतील पायी चालणाऱ्याचे हे तिसरे रूप. ज्याला पाहण्याची किंमत द्यावी लागते तो फ्लानर कसा?

आता वासूनाक्यावरून गेलेल्या त्या मुलीकडे परत यायला हवे. मुंबईच्या मराठी साहित्यात बाया चालतात त्या कामासाठी. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ची (२००३) सुरुवात कोकणातील डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला ओझी घेऊन जाणाऱ्या बायांच्या वाटचालीने होते, त्या पायपिटीतील थट्टा, शिव्या, थकवा आणि भूक यांचा तो पट मराठी आत्मकथनातील एक अस्सल प्रारंभ आहे. पुढे निवेदिका मुंबईला येते, नोकरी करते, चळवळीत जाते, सभांना जाते. प्रत्येक वेळी घरी उत्तर देण्याजोगे कारण सोबत असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईविषयीच्या अभ्यासाने नेमके यावरच बोट ठेवले आहे : बाईने सार्वजनिक जागेत असायचे तर तिच्यापाशी काहीतरी प्रयोजन असल्याचे दिसावे लागते. पिशवी, मूल, फोन, घाईची चाल. मराठी कथा-कादंबरीतील नायिकांची पावले या दृष्टीने कोणी तपासून पाहावीत. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर विनाकारण तासभर बसून राहिलेली, कोणाची वाट न पाहणारी बाई फारच थोड्या ठिकाणी आढळेल. साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय हवा असेल तर तो इथे आहे.

१९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पंधरा मिनिटांची ती वाटही मोडली. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह (साहित्य अकादेमी पुरस्कार, २०१२) या मोडलेल्या वाटेवर उभे आहेत. ज्या आवारात कामगार भोंग्यावर शिरत होता, त्याच आवारातील मॉलच्या दारात त्याच्या मुलाला आता आपण इथे का आलो आहोत हे आपल्या कपड्यांवरून सिद्ध करावे लागते. पवारांची माणसे पूर्वीच्याच गल्ल्यांतून चालतात, पण त्यांच्या पायांना ओळखीची खूण लागत नाही. सुर्व्यांच्या निवेदकाला ना घर होते ना गोत, तरी पायाखाली भुई होती. पवारांच्या माणसांना दहा बाय बाराची खोली आहे, भुई गेली आहे.

बाहेरचे शहर याच सुमारास चालणाऱ्याला वर उचलू लागले. २००८ सालच्या मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतूक-अभ्यासात एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात असे आढळले होते. त्याच वर्षी वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि पाठोपाठ इतर अनेक ठिकाणी झाले. रस्ता वाहनांना, चालणाऱ्याला आकाश. सोयीची बाब नगररचनाकार जाणोत. साहित्याच्या दृष्टीने एवढेच नोंदवायचे की, त्या उंचीवर नाका नाही, इडलीवाली नाही, वाहतूक बेटावरचे कुत्रे नाही, आणि खाली पाहिले तर माणसे पुन्हा मर्ढेकरांच्या मुंग्यांएवढी दिसतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर पावसाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मृत्युमुखी पडली. एकेकाळी गिरणीकामगारांची असलेली ही स्थानके आता गिरण्यांच्या जमिनीवरील कचेऱ्यांत जाणाऱ्यांच्या गर्दीला तोंड देत होती. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधला, तो २०१८च्या फेब्रुवारीत खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. कोलटकर राहत ते प्रभादेवी हेच.